बीड, शिसे आणि काळी माती

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग येथील माणूस बोलता बोलताच करून टाकतो : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा आडवा छेदला असून, वरच्या अंगास बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तहसिलींची पुष्कळशी उथळ, मुरमाड भूमी आहे, तर खालच्या अंगास पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर यांची खोल काळी माती दूरवर पसरलेली आहे. शेतकऱ्यास हा भेद पिकांवरून कळतो, प्रवाशास वैशाखातील उकाड्यावरून कळतो. मला तो जुन्या घरांतील सांडपाण्याच्या बिडाच्या नळांवरून कळला, आणि ज्ञानाचा हा मार्ग मला कधीही हीन वाटला नाही, कारण ज्या वस्तूवर घरातील लहानथोरांचे आरोग्य अहोरात्र अवलंबून असते, तिची विचारपूस करण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

माझी नोकरी ओव्हरसिअर म्हणून बांधकाम खात्यात झाली. कचेऱ्या, विश्रामगृहे आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने यांच्या डागडुजीची अंदाजपत्रके तयार करणे, मोजमाप-पुस्तकात नोंदी घेणे आणि कामावर उभे राहून काम करवून घेणे यांत आयुष्याची ऐन वर्षे गेली. आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या मंडळींनी आपापल्या जुन्या घरांसाठी बोलावणी धाडण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्या बोलावण्यांतील बहुतेकांचा विषय एकच असल्याचे माझ्या ध्यानात आले. घराच्या मागील भिंतीस ओल आली आहे, न्हाणीत दुर्गंधी येते, पावसाळ्यात संडासाचे पाणी उतरत नाही. ही घरे बहुधा कापसाच्या पैशातून उभी राहिलेली. खामगावच्या कापूसपेठेसाठी १८७० साली जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि त्या व्यापाराच्या भरभराटीच्या काळात खामगाव, शेगाव, मलकापूर या गावांतून सागवानी तुळयांची, जाड भिंतींची, दुमजली घरे झाली. त्यांत सांडपाण्याचे नळ मुळात नव्हते. मोरीचे पाणी मागच्या नालीत जाई, आणि संडास टोपलीचा असे. पुढे टोपलीचे संडास मोडून फ्लशचे संडास आणि सेप्टिक टाक्या आल्या, तेव्हा मागच्या भिंतीला बाहेरून बिडाचे नळ चढले; म्हणजे नळ हे घराचे जन्मजात अंग नव्हे, मागाहून जोडलेले अंग होय, आणि जोडणाऱ्याने घराकडे किती पाहिले आणि जमिनीकडे किती पाहिले, यावर त्याचे आयुष्य ठरले.

बिडाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बीड म्हणजे शेकडा दोन ते चार भाग कर्ब असलेले ओतीव लोखंड. त्या कर्बाचा बराच अंश ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो, आणि म्हणून बीड दाब उत्तम सोसते, परंतु वाकत नाही. आघात झाला तर तडकते. जुने नळ वाळूच्या साच्यात ओतलेले, सहा फुटी, एका टोकास सॉकेट आणि दुसरे टोक सरळ, असे असत. चार इंची नळाचे वजन वीस किलोंहून अधिक भरते, तेव्हा शिडीवर उभे राहून तो भिंतीशी ओळंब्यात धरणे हे दोन माणसांचे काम आहे. त्यांच्या आतबाहेर डांबरी लेप असे. ही लेपाची पद्धत रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते, ज्याने औद्योगिक शहरांवर पडणाऱ्या आम्लयुक्त पावसाचाही प्रथम सविस्तर अभ्यास केला. बिडाच्या दीर्घायुष्याचा दाखला म्हणून फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याच्या कारंज्यांचे नळ सांगितले जातात. सतराव्या शतकात चौदाव्या लुईच्या काळी घातलेले ते नळ तीनशे वर्षांहून अधिक काळ पाणी वाहत राहिले. हा दाखला खरा आहे, परंतु घाटाखालच्या माणसाने तो ऐकून निश्चिंत होऊ नये. का, ते शेगावच्या एका कामावरून स्पष्ट होईल.

शेगावी स्टेशनपासून फार दूर नसलेले ते घर एका वृद्ध बाईंचे. मी त्यांना काकू म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. माघ वद्य सप्तमीचा गजानन महाराजांचा प्रकटदिन आणि भाद्रपदातील ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दोन वेळी गाव यात्रेकरूंनी भरून जाते आणि काकूंच्या घरीही आप्तेष्टांचा मुक्काम पडतो. घरात चारसहा माणसे असताना जो नळ कसाबसा चालून जाई, तो चाळीस माणसांच्या भाराने ऋषिपंचमीस तुंबला, आणि खालच्या न्हाणीच्या ट्रॅपमधून घाण पाणी वर आले. काकूंना त्याचे फार दुःख झाले. देवाच्या नावाने आलेल्या पाहुण्यांसमोर आपल्या घराची ही अवस्था व्हावी, ही गोष्ट त्या पुन्हा पुन्हा बोलून दाखवीत. पुण्यास राहणाऱ्या त्यांच्या मुलाचे मत ठरलेले होते : सारे जुने नळ काढून टाकावेत आणि वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचे बसवावेत. मी त्यास इतकेच म्हटले की आधी नळ कुठे बिघडला ते पाहू, मग काय काढायचे ते ठरवू.

तुंबलेला नळ मोकळा करणे आणि नाकामी झालेला नळ ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि पहिले झाले की लोक दुसरे विसरतात. बांबूच्या लांब कामट्या एकमेकींस बांधून चेंबरातून आत सारल्या, तुंबा निघाला, पाणी वाहू लागले. एवढ्यावर घरमालकाचे समाधान होते, आणि पुढील पावसाळ्यात तोच प्रसंग पुन्हा येतो. म्हणून पाऊस सरल्यावर आम्ही धुराची परीक्षा केली. खालच्या चेंबरात चिंध्या आणि डांबर जाळून धूर नळात कोंडला, छपरावरील वायुनळाचे तोंड ओल्या गोणपाटाने बांधले, आणि मी व मिस्त्री घराभोवती फिरू लागलो. भिंतीवरील उभ्या नळाच्या वरच्या एका सांध्यातून धुराची बारीक रेघ निघाली. ती अपेक्षितच होती. परंतु मागील पडवीच्या फरशीच्या सांध्यांतून, जेथे खाली नळ असल्याचे कोणास स्मरतही नव्हते, तेथून धूर संथपणे वर येऊ लागला, तेव्हा व्याधीचे मूळ आम्हांस दिसले. त्यानंतर मिस्त्रीने उभा नळ खालपासून वरपर्यंत हलक्या हातोडीने ठोकून पाहिला. निकोप बीड ठोकल्यावर घणघणते, तडा असेल तर आवाज बद्द येतो. तो नळ सर्वत्र घणघणला. मिस्त्री घाटाखालचाच, जळगाव जामोदकडचा, तो म्हणाला, “साहेब, भिंतीवरला नळ जिता हाय. जमिनीतला मेला.”

पडवी उकरली. फरशीखाली विटांचा भराव, त्याखाली काळी माती, आणि हातभर खोलीवर नळ. तो दिसावयास अगदी सुस्थितीत होता : आकार पूर्ण, जाडी पूर्ण, वर गंजाचे पापुद्रेही फारसे नाहीत. मुलगा त्या दिवशी शेगावी आलेला होता. त्यास वाटले की हा नळ तर उत्तम आहे. मिस्त्रीने खिशातील चाकू काढून त्याचे टोक नळावर दाबले आणि ते पाव इंच सहज आत गेले. खरवडल्यावर काळी, मऊ, हाताला लागणारी भुकटी निघाली. ते पेन्सिलीत असते तेच ग्राफाइट. ओल्या, क्षारयुक्त मातीत वर्षानुवर्षे राहिलेल्या बिडातील लोह हळूहळू विरघळून निघून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा, गंजाच्या अवशेषांनी धरून ठेवलेला, जागच्या जागी उरतो. पत्र्याला भोक पडते तसे येथे काही दिसत नाही, म्हणून पाहणारा फसतो, आणि वरून भार आला, माती सरली किंवा कामटीचा जोराचा धक्का बसला की नळ मुकाट्याने फुटतो. आतील बाजूसही नळाच्या माथ्याकडे क्षरण झालेले होते. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू नळाच्या वरच्या ओल्या पृष्ठावर जीवाणूंच्या क्रियेने गंधकाम्लात परिणत होतो, आणि ज्या ठिकाणी पाणी कधी लागत नाही तेथेच धातू अधिक खाल्ला जातो. तळ शाबूत आणि माथा गेलेला, अशी ही उलटी झीज मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

याखेरीज मातीचा स्वतःचा एक स्वभाव आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात घाटाखालच्या शेतांत पडलेल्या भेगांत हात जाईल, हे ज्याने पाहिले आहे त्यास नळाचे काय होत असेल याची कल्पना करण्यास श्रम पडू नयेत. शिशाच्या सांध्यांनी जोडलेली, न वाकणारी ओळ वर्षातून एकदा उचलली जाते आणि एकदा खाली सोडली जाते. सांधा किंचित सैल होतो. त्यातून झिरपलेले पाणी नेमके त्या जागची माती अधिक फुगविते. बाजूच्या कडुनिंबाची मुळे ओल शोधीत त्या फटीत शिरतात. आणि उन्हाळ्यात माती आक्रसली की तेथे नळ झोळीसारखा खचून उतार नाहीसा होतो. त्यात पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा : विहिरीचे पाणी मचूळ, मातीत क्षार, आणि क्षार जितके अधिक तितकी जमिनीची वीजवाहकता अधिक, म्हणजे लोखंडाचे क्षरण अधिक वेगाने. व्हर्सायची जमीन आणि शेगावची जमीन एक नव्हे. नळ ओतणाऱ्याने दोन्ही नळ एकाच साच्यातून काढले असते, तरी त्यांचे आयुष्य एक झाले नसते.

याची साक्ष मला घाटावर मिळाली. बुलढाण्यात, डोंगरमाथ्यावरील त्या थंड हवेच्या गावात, सुमारे त्याच काळात बांधलेल्या एका घराचा जमिनीतील नळ मी उघडला होता. मुरमात, निचऱ्याच्या जमिनीत तो पडला होता. चाकूचे टोक त्यावरून घसरले, डांबराचा मूळ लेप ठिकठिकाणी अद्याप चकाकत होता. तेथील दुर्गंधीचे कारण निराळेच निघाले : छपरावरील वायुनळाच्या टोपीत पक्ष्यांनी घरटे करून ते तोंड बंद केले होते, आणि वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या ट्रॅपमधील पाण्याचा अडसर शोषला जाऊन नळातील वायू घरात येई. ट्रॅपचे वळण आणि त्यात राहणारे ते दोन इंच पाणी ही किती मोलाची युक्ती आहे! अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली तिचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून घर आणि गटार यांच्यामध्ये उभा असलेला तो एकमेव पहारेकरी आहे. पण नळात हवा येण्याची वाट बंद केली की तोही निरुपाय होतो. घरटे रिकामे झालेले होते, ते काढले, तोंडावर तारेची जाळी बसविली, आणि नळ बदलण्याची तजवीज करून बसलेल्या मालकांचा सारा खर्च वाचला.

शेगावच्या कामाचा निर्णय याच न्यायाने केला. जमिनीतील ओळ संपूर्ण काढावी. भिंतीवरील उभा नळ ठेवावा. मुलाने विचारले की अर्धे जुने आणि अर्धे नवे असे कशासाठी. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य होते. ती मागची भिंत पश्चिमेची. वैशाखातील दुपारचे ऊन तिच्यावर थेट पडते, आणि हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. पीव्हीसी उष्णतेने बिडाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. तीन मीटर लांबीचा पीव्हीसीचा नळ तीस अंशांच्या फरकाने सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो, तेवढाच बिडाचा नळ एका मिलिमीटरने. आणि ही वाढ सामावून घेण्याची जागा सांध्यात ठेवण्याइतकी काळजी आपल्याकडील किती कामांत घेतली जाते, ते भिंतींवरील वाकलेले, उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिकचे नळ सांगत असतात. शिवाय रात्री वरच्या मजल्यावरून पाणी सोडले तर बिडाच्या जाड नळात त्याचा आवाज दबतो. उलट जमिनीत, त्या क्षारांत आणि ओलीत, पीव्हीसी गंजत नाही. तेथे त्याची योग्यता बिडाहून निर्विवाद श्रेष्ठ आहे. जुने म्हणून टाकावे आणि जुने म्हणून जपावे, हे दोन्ही हट्ट मला सारखेच अप्रशस्त वाटतात. नळ ज्या जागी आहे ती जागा त्यास मानवते की नाही, एवढे पाहावे.

जमिनीतील काम असे केले : चर नेहमीपेक्षा रुंद आणि खोल खणला, काळी माती उचलून बाहेर टाकली, तळाशी मुरूम धुमसाने बसवून वर वाळूचा थर दिला, आणि पाणसळीने मोजून चाळीसास एक असा उतार ठेवला. चार इंची नळास हाच उतार योग्य. याहून कमी असेल तर मळ मागे राहतो. नळाच्या दोन्ही अंगांस आणि वर पुन्हा मुरूम. वळणाच्या जागी चेंबर बांधला, कारण ज्या वळणास चेंबर नाही ते वळण पुढील पिढीस पडवी उकरावयास लावते. बीड आणि पीव्हीसी जेथे भेटतात तेथे सिमेंट भरण्याची सार्वत्रिक रीत आहे. ती आम्ही पाळली नाही, रबरी जोडणी घालून वर न गंजणाऱ्या पट्ट्या आवळल्या, म्हणजे माती हलली तरी सांधा हलेल, फुटणार नाही.

राहिला भिंतीवरील सैल झालेला सांधा. तो शिशाने पुन्हा ओतावयाचा होता, आणि हे काम करू शकणारी माणसे आता जिल्ह्यात फार थोडी उरली आहेत. मिस्त्रीने ते आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्याने प्रथम जुने शिसे छिन्नीने काढले, सॉकेट खरवडून स्वच्छ केले, आणि कोरड्या फडक्याने पुसून मग ज्योतीने शेकले; कारण तेथे पाण्याचा थेंब जरी राहिला तरी तापलेले शिसे पडताच त्याची वाफ होऊन शिसे उसळते आणि माणसाचे डोळे जातात. नंतर तागाचे सूत पिळून नळाभोवती गुंडाळले आणि बोथट छिन्नीने सॉकेटच्या तळाशी घट्ट ठासले, म्हणजे शिसे नळाच्या आत उतरणार नाही. शिसे ३२७ अंशांस वितळते. ते पुरेसे तापले की नाही हे मिस्त्री लाकडाच्या काडीने पाहतो : काडी बुडविल्यावर करपून तपकिरी व्हावी, पेट घेऊ नये, अधिक तापविलेल्या शिशाची वाफ विषारी, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहून, आणि भाकरीस हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन, अशा शिस्तीने झाले पाहिजे. वरची मळी काढून त्याने पळी उचलली आणि एका ओतणीत, न थांबता, सांधा भरला. मध्ये थांबले तर दोन थर होतात आणि ते कधीही एकजीव होत नाहीत. आडव्या नळाचा सांधा असता तर चिकणमाती थापलेली दोरी भोवती गुंडाळून वर फक्त एक तोंड ठेवावे लागले असते. शिसे थंड होताना आक्रसते, आणि म्हणून ओतणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे छिन्नी आणि हातोडीने ते गोलाकार ठोकीत, फेऱ्यामागून फेरा देत, सॉकेटच्या अंगास भिडविणे. शेवटच्या फेऱ्यात हातोडीचा आवाज पालटतो. तो पालटल्यावाचून मिस्त्री शिडीवरून उतरला नाही.

या कामाविषयी लिहिताना एक गोष्ट गाळणे मला शक्य नाही. पूर्वी टोपल्या कोणी वाहिल्या, आणि नळ आल्यानंतर टाक्यांत कोण उतरले, हे आपण सर्वजण जाणतो. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास बांधणे आणि माणसाकडून मैला उचलून घेणे निषिद्ध ठरविले, २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्या यांची धोकादायक साफसफाई माणसाकडून करवून घेण्यासही मनाई केली. तरीही टाकीत गुदमरून मजूर दगावल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. तोच हायड्रोजन सल्फाइड, जो नळाचा माथा खातो, बंद टाकीत साचला असता माणसास काही श्वासांत बेशुद्ध करतो, आणि त्यास वाचविण्यास उतरलेल्या दुसऱ्यासही. वऱ्हाडच्या याच भूमीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावची घाण आधी झाडली आणि मग कीर्तन केले; स्वच्छता हे ज्याचे त्याने करावयाचे काम आहे, हे त्यांनी शब्दांपूर्वी कृतीने सांगितले. माझ्या कामावर टाकीत माणूस उतरत नाही. यंत्राची गाडी येईतो काम थांबते, मालकाची कितीही निकड असली तरी थांबते, आणि ही अट मी अंदाजपत्रक देतानाच घालतो.

चर बुजविण्यापूर्वी पाण्याची परीक्षा घेतली. खालचे तोंड बंद करून नळ भरला, रात्रभर ठेवला. सकाळी पातळी जागेवर होती. मग वरच्या मजल्यावरून बादल्या ओतल्या आणि काकू स्वतः चेंबराशी येऊन पाणी वाहते ते पाहत उभ्या राहिल्या. त्यानंतर मी घराचा एक नकाशा काढला : नळ कोठून जातो, किती खोल आहे, उतार कोणीकडे, चेंबर कोठे, बीड कोठे संपते आणि पीव्हीसी कोठे सुरू होते. जुन्या घरांच्या दफ्तरात खरेदीखत असते, नझूलचे कागद असतात, वाटणीपत्र असते, पण भुईखालच्या नळाचा कागद मला आजवर एकाही घरी मिळालेला नाही. एक प्रत काकूंनी खरेदीखताबरोबर ठेवली. दुसरी मिस्त्रीच्या मुलाने मागून घेतली. त्याला शिशाचा सांधा शिकावयाचा आहे. चिखलीच्या एका घरी उभ्या नळाचे दोन सांधे ओतावयाचे आहेत, ते त्याच्या वडिलांनी शेजारी उभे राहून त्याच्याकडून करवून घ्यावेत, असे आमचे ठरले आहे.